यंदाच्या दिवाळीला घरात चिठ्ठी काढू या

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. सभेला येता आलं नाही त्या ताईंसाठी इथे देत आहोत. गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं.)



विषयपत्रिकेवर माझ्या नावापुढे "सणासुदीचं नियोजन" असं लिहिलंय. ते वाचून मागच्या रांगेत कुजबुज झाली, ती मला ऐकू आली. "ही पोरगी आता साड्या घेऊ नका म्हणणार!" तर नाही, मी तसं म्हणणार नाही. वर्षभर रानात राबायचं, घरात राबायचं, आणि सणाला हात आखडता घ्यायचा, असं मी तुम्हाला का सांगू? देणं-घेणं झालंच पाहिजे. फक्त ते कसं करायचं याची एक वेगळी रीत आज सांगते. ती स्वस्त आहे आणि तिच्यात मजाही जास्त आहे.

पोळा झाला, गणपती तोंडावर आहेत. दिवाळीला अजून वेळ आहे, म्हणूनच आज बोलते. धनत्रयोदशीला बोलून काय उपयोग? तोवर पैसे खर्च झालेले असतात.

आधी मला एक सांगा. घरच्या पेटीत न शिवलेले ब्लाऊज पीस किती जणींकडे आहेत? हात वर करा बरं. (सगळ्यांचे हात वर, मोठा हशा.)

बघा. आता हा ब्लाऊज पीस कुठून येतो? कुणाच्या तरी ओटीतून. आपण तो जपून ठेवतो आणि पुढच्या बारशात दुसरीच्या ओटीत घालतो. ती तो वास्तुशांतीला देते. असा फिरत फिरत दोन वर्षांनी तो आपल्याच घरी परत येतो, आणि घडी अजून मोडलेली नसते. टॉवेल-टोपीचंही तसंच. प्रत्येक वेळी कुणीतरी पैसे मोजलेले असतात, पण ते कापड कुणाच्याच अंगाला लागत नाही. द्यायचं म्हणून दिलं, घ्यायचं म्हणून घेतलं, एवढंच होतं.

दिवाळीला हेच मोठ्या प्रमाणात होतं. आपण गटाच्या बायका आहोत, तर हिशोब मांडूनच बघू.

एक घर धरा. सासू-सासरे, दोन भाऊ, दोन सुना, लग्न होऊन गेलेल्या दोन लेकी आणि दोन जावई. मोठी माणसं झाली 10. लेकरांचे कपडे यात धरत नाही, ते घ्यावेच लागतात. लेकी 2, सुना 2 आणि सासूबाई, अशा 5 साड्या. साधी 800 रुपयांची धरली तरी 4,000 रुपये. दोन जावयांना कापड, 700 प्रमाणे 1,400. सासऱ्यांना धोतर-टोपी 600. बेरीज 6,000 रुपये. फराळ, तेल, उटणं, फटाके, गाडीभाडं वेगळंच.

हे 6,000 येतात कुठून? नवं सोयाबीन अजून ओलं असतं, तरी बाजारात न्यावं लागतं. त्या दिवसांत सगळेच आणतात, म्हणून भाव दबलेला असतो. थांबलो असतो तर बरं झालं असतं हे कळत असतं, पण सण थांबत नाही. नाहीतर मग गटाचं कर्ज. 2 रुपये शेकड्याने 6,000 घेतले, महिन्याला 600 मुद्दल अशा 10 हप्त्यांत फेडले, तर व्याज होतं 660 रुपये. तेही ठीक, ते व्याज निदान आपल्याच गटात राहतं. पण सावकाराकडून 5 रुपये शेकड्याने घेतले तर महिन्याला 300 रुपये नुसतं व्याज. पुढच्या दिवाळीपर्यंत 3,600 भरले, आणि मुद्दलाचे 6,000 अजून तसेच उभे! म्हणजे नवी दिवाळी आली तरी जुन्या दिवाळीच्या साड्या फिटलेल्या नसतात. साडी विटते, कर्ज विटत नाही.

गटाच्या अंतर्गत कर्जाला माझा विरोध नाही, हे नीट ऐका. आजारपण, मुलांची फी, शेळी, शिलाई मशीन, बियाणं, यासाठीच तर आपण बचत करतो. ज्या ताईंनी सणासाठी कर्ज घेतलं त्यांना मी नावंही ठेवत नाही. पाहुण्यांसमोर मान खाली जाऊ नये म्हणून माणूस काय काय करतो, ते तुम्ही मला शिकवायला पाहिजे, मी तुम्हाला नाही.

आता रीत सांगते. सोपी आहे. 10 माणसांच्या नावाच्या 10 चिठ्ठ्या करायच्या, डब्यात टाकायच्या. प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची. जिचं नाव निघेल तिलाच भेट द्यायची, बाकी कुणाला नाही. रक्कम सगळ्यांना सारखी, समजा 200 रुपये. कुणाची चिठ्ठी कुणाकडे आहे ते दिवाळीपर्यंत कुणी फोडायचं नाही.

झाला खर्च किती? 10 माणसं, 200 रुपये, म्हणजे 2,000. आधीच्या 6,000 पेक्षा 4,000 कमी. आणि हे 2,000 सुद्धा एकट्या घरधन्याच्या खिशातून जात नाहीत, 10 जणांत वाटले जातात. गणपती बसल्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत साधारण 8 आठवडे असतात. आठवड्याला 25 रुपये डब्यात टाकले की 8 आठवड्यांत 200 झाले. 25 रुपये म्हणजे काय, हे बचत करणाऱ्या बाईला मी सांगायला नको.

पण मला यातली पैशाइतकीच दुसरी गोष्ट मोठी वाटते. मघाच्या यादीत बघा, देणारे कोण होते? भाऊ आणि बाप. घेणाऱ्या कोण? बायका आणि जावई. चिठ्ठीत मात्र प्रत्येक जण देतो आणि प्रत्येकाला मिळतं. सासऱ्यांना सुनेची चिठ्ठी निघू शकते. धाकट्या दिराला मोठ्या वहिनीची निघू शकते. जावयाला सासूची निघाली तर जावयाला डोकं खाजवत विचार करावा लागेल की सासूबाईंना आवडतं तरी काय! दर दिवाळीला जावयाच्या आवडीचा विचार सासूने केला, एकदा त्यानेही करून बघावा.

आणि घरात चुलीपुढे जी असते तिचं काय होतं? सगळ्यांचं आणून झालं की उरलेल्या पैशात तिचं. तेही, "तुला काय, तुझ्याकडे आहेत की साड्या," असं म्हणून. चिठ्ठीत तिचं नाव असतंच. कुणीतरी एक जण वीस दिवस फक्त तिचाच विचार करणार. ज्या ताईंचे मालक गेलेत, ज्या माहेरी परत आल्यात, ज्या आत्याबाईंना सणाच्या यादीत कुणी धरत नाही, त्यांचीही चिठ्ठी डब्यात सगळ्यांसारखीच पडते. डब्यातल्या चिठ्ठीला धाकटी-थोरली कळत नाही, सवाष्ण-विधवा कळत नाही.

आपण गटात पंचसूत्री पाळतो. तसे घरच्या चिठ्ठीचेही थोडे नियम ठरवून घ्या, म्हणजे भांडण होणार नाही.

1. आधी घरात बसून बोला. एकटीने ठरवून जाहीर करू नका. सासूबाईंना आणि मोठ्या जाऊबाईंना आधी विश्वासात घ्या. त्यांनीच सगळ्यांना सांगितलं तर उत्तम.

2. रक्कम सगळ्यात कमी कमाई असलेल्या माणसाला परवडेल तेवढीच धरा. 200 जड जात असतील तर 100 धरा. ठरलेल्या रकमेच्या वर कुणी जायचं नाही. नोकरीवाल्या दिरानेही नाही. एकाने 1,000 ची वस्तू आणली की बाकीच्यांचे चेहरे पडतात आणि सगळी मजा जाते.

3. चिठ्ठ्या दसऱ्याला काढा. दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनाला 20 दिवस मिळतात. बचत मात्र गणपतीपासूनच सुरू करा.

4. स्वतःचंच नाव निघालं तर चिठ्ठी परत टाकून पुन्हा काढायची. नवरा-बायकोला एकमेकांचं नाव निघालं तर बदलायचं की ठेवायचं, ते आधीच ठरवा. माझं मत विचाराल तर ठेवा. काही नवऱ्यांना बायकोसाठी स्वतः दुकानात जायची वेळ अजून आलेली नाही.

5. लेकी-जावई सासरी असतील, मुलगा पुण्या-मुंबईला कामाला असेल, तर घराबाहेरचं कुणी विश्वासाचं माणूस धरा. शेजारची कॉलेजला जाणारी मुलगी चालेल. तिने चिठ्ठ्या काढायच्या, ज्याचं त्याला फोन करून नाव सांगायचं आणि यादी स्वतःजवळ ठेवायची. गटाच्या सचिवासारखी, पण गुप्त!

6. लहान लेकरांचा डबा वेगळा करा. त्यांना 20-30 रुपयांची वस्तू नाहीतर हाताने केलेली वस्तू. चित्र, आकाशकंदील, मातीचा किल्ला, काहीही.

7. भेटी भाऊबीजेला उघडा. त्या दिवशी लेकी घरी असतात.

आता 200 रुपयांत काय येणार, असं काही जणी विचारतील. पुष्कळ येतं. आणि बिनपैशाचंही येतं. आजीला सुईत दोरा ओवता येत नसेल तर जवळचं बघायचा चष्मा. रानात जाणाऱ्या सुनेला चांगली पाण्याची बाटली, नाहीतर उन्हाची टोपी. सासऱ्यांना रात्री बाहेर जायला बॅटरी. आईच्या जुन्या साड्यांची शिवलेली वाकळ, हिला तर पैसेच लागत नाहीत, आणि ती पांघरली की माहेर पांघरल्यासारखं वाटतं. परसबागेला घरचं बियाणं, दोडक्याचं, वालाचं, भेंडीचं. कोंबडीचं पिलू. शहरात राहणाऱ्या मुलाला घरच्या कुरडया-पापड्या आणि काळा मसाला.

ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याने काम द्यावं. चिठ्ठीवर लिहून द्यायचं: "मी तुझी सायकल दुरुस्त करून देईन." "मी चार रविवार सकाळच्या भाकरी थापीन, तू झोपून राहा." "आजी, तुझ्या पगाराच्या कागदासाठी, हयातीच्या दाखल्यासाठी मी तुला गाडीवर तहसीलला नेईन, रांगेत मी उभा राहीन." ही भेट काय लहान आहे? ज्या म्हाताऱ्या माणसाला निराधार योजनेचे पैसे कागद अडकल्यामुळे मिळत नाहीत, तिला कुठल्याही साडीपेक्षा ती मोठी आहे. अट एकच, दिलेला शब्द पाळायचा. काम केव्हा करणार ती तारीख चिठ्ठीवर लिहा. तारीख नसेल तर ते आश्वासन, आणि आश्वासनं आपण निवडणुकीत पुष्कळ ऐकतो. (हशा.)

वस्तू विकतच घ्यायची असेल तर आधी आपल्याच गटांकडे बघा. आपल्या प्रभागात उटणं करणाऱ्या आहेत, पणत्या रंगवणाऱ्या आहेत, मसाला कांडणाऱ्या आहेत, कापडी पिशव्या शिवणाऱ्या आहेत. तुमचे 200 रुपये दुसऱ्या ताईच्या दिवाळीला लागतील.

आता मजेचं सांगते. भाऊबीजेला ओवाळून झालं की सगळ्यांनी गोल बसायचं. भेट सरळ हातात द्यायची नाही. आधी ज्याला द्यायची त्याचं नाव न घेता, त्याचं वर्णन उखाण्यासारखं करायचं. बाकीच्यांनी ओळखायचं. आपल्या बायकांना उखाणा काय नवा आहे? पण या वेळी पुरुषांनाही घ्यावा लागेल! नमुन्याला मी एक जुळवलाय:

"सगळ्यांच्या आधी उठते, सगळ्यांच्या नंतर निजते,
माझ्या चिठ्ठीतली बाई सांगा, कोण घरात अशी असते?"

हा उखाणा म्हटल्यावर घरातल्या किती जणी एकदम "मीच ती!" म्हणतात, तेवढं मला पुढच्या सभेत येऊन सांगा. (टाळ्या.)

भेट ओळखली की ज्याने दिली त्याने एक वाक्य बोलायचं: हीच वस्तू का निवडली. या एका वाक्यासाठी मी ही सगळी खटपट सांगतेय. "वहिनी, तुमच्या टाचांना भेगा पडल्यात, रात्री तुम्ही त्यात मेण घालता ते मी बघितलं, म्हणून हे मलम आणलं." मलम 60 रुपयांचं असेल. पण कुणीतरी बघितलं, हे त्या वहिनीला आयुष्यभर पुरेल.

आता खरी अडचण. तुमच्या मनात आहे, मलाही ठाऊक आहे. "भावाने साडी घेतली नाही तर लेकीला सासरी काय वाटेल?" लेक सासरी परतली की पहिला प्रश्न काय येतो? "माहेरहून काय आणलं?" पिशवी उघडून बघितली जाते. शेजारणी बघायला येतात. साडीचा पोत बोटांनी चोळून बघतात. लेकीला ऐकून घ्यायला लागू नये म्हणून तिकडे भाऊ कर्ज काढतो. काही बहिणी तर भावाची परिस्थिती बघून दिवाळीला जायचंच टाळतात. "यंदा सुट्टी नाही, लेकराची परीक्षा आहे," काहीतरी कारण सांगतात. म्हणजे साडीपायी भाऊबीजच बुडाली!

भाऊबीजेला यमद्वितीया म्हणतात, तिची कहाणी आपण लहानपणापासून ऐकली. यम बहिणीच्या घरी गेला, तिच्या हातचं जेवला, म्हणून तो दिवस मोठा झाला. भेट झाली, घास पोटात गेला, एवढ्यावर तो सण उभा आहे.

मग ही गोष्ट कोण थांबवू शकतं? प्रश्न विचारणारं माणूसच. या सभेत सासवा बसल्यात, नणंदा बसल्यात, शेजारणी तर सगळ्याच आहोत. सून माहेरून आली की "काय आणलं?" असं विचारायचं नाही. "कशी झाली दिवाळी? आई बरी आहे का?" असं विचारायचं. याला पैसा लागत नाही, योजना लागत नाही, कुणाची सही लागत नाही. तुमच्या गावात दहा घरांनी हा प्रश्न बंद केला तर दहा भावांचं कर्ज वाचेल, आणि ते भाऊ म्हणजे आपलेच माहेर आहेत.

एक ताई मला म्हणाल्या, "माहेराचं वर्षातून एक साडी तर मिळते, तीही तू बंद करते का?" त्यांचं बोलणं मला लागलं. त्यावर दोन गोष्टी सांगते. पहिली, ज्या भावाला परवडतं आणि ज्याला मनापासून द्यायचंय, त्याने द्यावी. चिठ्ठी कुणाचा हात धरत नाही. दुसरी, साडी ही माया आहे, हिशोबाची पावती नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. तो घ्यायचा की नाही हे जिचं तिने ठरवावं, पण साडी दिली म्हणजे हक्क फिटला असं कुणी समजू नये. हा विषय मोठा आहे, त्यावर आपण वेगळी बैठक लावू.

आणखी एक. घरात हे जमेल का अशी धाकधूक असेल तर आधी गटात करून बघा. पुढच्या बैठकीत 10-12 चिठ्ठ्या काढा. रक्कम शून्य ठेवा, घरात आहे त्यातूनच द्यायचं. कुणी मूठभर तीळ आणेल, कुणी रोप आणेल, कुणी दुसरीच्या पासबुकाची नोंद करून आणायचं काम घेईल. एकदा गटात हसतखेळत झालं की घरी सांगायला तोंड मिळतं. संक्रांतीच्या वाणालाही हे चालेल. 30 जणींना 30 प्लास्टिकच्या डब्या वाटण्यापेक्षा एकीने एकीलाच द्यावं, पण तिच्या कामाचं द्यावं. आणि त्या हळदी-कुंकवाला गटातल्या सगळ्या जणींना बोलवा. सगळ्या म्हणजे सगळ्या. बचतीला जिचा पैसा चालतो, तिचा हात वाणाला का चालू नये?

आता सभा संपवून तुम्हाला गाड्या धरायच्यात, म्हणून तीनच कामं सांगून थांबते.

एक, गणपती बसतील त्या दिवशी घरात एक दिवाळीचा डबा ठेवा. जुना चहापत्तीचा चालेल. आठवड्याला प्रत्येकाचे 25 किंवा जमतील तेवढे.

दोन, पुढच्या गट बैठकीत हा विषय घ्या आणि इतिवृत्तात ठराव लिहा: "आमच्या गटातली कोणतीही सदस्य सुनेला किंवा शेजारणीला 'माहेरहून काय आणलं' असं विचारणार नाही." खाली सगळ्यांच्या सह्या, ज्यांना येत नाही त्यांचे अंगठे.

तीन, दिवाळीनंतरच्या सभेला येताना सांगायला या की चिठ्ठीत कुणाला काय मिळालं, आणि सणासाठी यंदा कर्ज किती कमी उचललं. कोषाध्यक्षताई, तुम्ही मागच्या वर्षीच्या आश्विन-कार्तिकातली कर्जाची नोंद काढून ठेवा, आपण शेजारी शेजारी ठेवून बघू.

ज्या घरात जमणार नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नका, पुढच्या वर्षी बघू. ज्या घरात जमेल तिथे चिठ्ठी उघडताना आपल्या माणसाचा चेहरा तेवढा बघा.